चार एल्बो

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची जुनी वसाहत आहे. तिथल्या बऱ्याचशा जुन्या इमारतींमध्ये घर विकत मिळत नाही, शेअर मिळतात. इमारत एका कंपनीच्या मालकीची आणि राहणारे त्या कंपनीचे भागधारक. प्रत्येक घराला ठरावीक शेअर जोडलेले असतात आणि शेअरबरोबर त्या घरात राहण्याचा भाडेपट्टा मिळतो. याला तिकडे को-ऑप म्हणतात. कायद्याच्या भाषेत ही स्थावर मालमत्तासुद्धा नव्हे. निखिल आणि केतकीला वकिलाने हे दोन-तीनदा समजावलं, प्रत्येक वेळी दोघांनी मान डोलावली आणि पुण्याला फोन करून सांगितलं की आम्ही घर घेतलं.

घर तिसऱ्या मजल्यावर, एका बेडरूमचं. इमारत 1920च्या दशकातली, लाल विटांची, मधोमध मोठी बाग. आधीच्या मालकाने चार-पाच वर्षांपूर्वी आतून सगळं नवं करून घेतलं होतं. जुन्या घरांत स्वयंपाकघर म्हणजे दिवाणखान्यापासून भिंतीने तोडलेली अंधारी खोली. इथे ती भिंत गायब होती. दारातून आत आलं की पांढऱ्या क्वार्ट्झचा ओटा, त्यामागे हातघडणीच्या हिरवट-निळ्या टाइल्सची भिंत, वर छोटे दिवे बसवलेलं फॉल्स सीलिंग आणि पलीकडे खिडकीतून थेट बागेतली झाडं. एजंटने त्याच कोनातून फोटो काढला होता. केतकी त्या फोटोच्या प्रेमात पडली आणि निखिल, केतकी पडली म्हणून.

या वसाहतीला शहराच्या लँडमार्क आयोगाने 1993मध्ये ऐतिहासिक म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून रस्त्याकडची खिडकी बदलायची तर आयोगाची परवानगी लागते. चौकटीचा आकार, रंग, काचेतल्या पट्ट्या, सगळं जुन्याबरहुकूम हवं. आतल्या भिंतींशी मात्र आयोगाला फारसं देणंघेणं नसतं. तिथे इमारतीच्या बोर्डाला नकाशा दाखवायचा, अनामत रक्कम भरायची, विम्याचा कागद द्यायचा आणि ठरलेल्या वेळातच ठोकाठोक करायची. आधीच्या मालकाने हे सगळं रीतसर केलेलं होतं. फाइल जाडजूड होती. फाइल जाड असली की आत कोणी डोकावत नाही, हा माझा नोकरीतला अनुभव आहे. तो न्यूयॉर्कलाही लागू पडावा याचं मला नवल वाटलं नाही.

शेअर घेण्याआधी बोर्डाची मुलाखत असते. ‘नाही म्हणाले तर कारण विचारू नका, सांगत नाहीत,’ असं वकिलाने आधीच बजावलं होतं. या मौनामागे मोठा इतिहास आहे. 1909मध्ये क्वीन्सबरो पूल झाला आणि एडवर्ड मॅकडूगल नावाच्या बिल्डरच्या क्वीन्सबरो कॉर्पोरेशनने इथली शेतजमीन विकत घ्यायला सुरुवात केली. 1917मध्ये उन्नत रेल्वे दाराशी आली. मग पूर्ण चौकभर इमारती आणि त्यांच्या पोटात सामाईक बाग, अशी अमेरिकेत तोवर नवी असलेली मांडणी करून त्याने ही घरं शेअरच्या पद्धतीने विकायला काढली. हवा, उजेड, टेनिस कोर्ट, गोल्फसुद्धा. हे सगळं ज्यांच्यासाठी होतं ते गोरे आणि ख्रिस्ती. ज्यूंना आणि काळ्यांना दार बंद. पुढे काळ बदलला. 1965च्या कायद्याने आशियातल्या लोकांना अमेरिकेची वाट मोकळी झाली आणि ज्या जागी हे नियम लिहिले गेले तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर, साड्यांची, सोन्याची आणि हिंगाच्या डब्यांची दुकानं थाटली गेली. आज निखिलला मुलाखतीला जाताना जिन्यात कोणाच्या तरी फोडणीचा ठसका लागतो. मुलाखत मात्र राहिली.

पाच जण होते. चौघांनी पगार, कर्ज, कुत्रा आहे का, असं विचारलं. पाचवी, पाचव्या मजल्यावर राहणारी ऐंशीच्या घरातली बाई, इतका वेळ गप्प होती. तिने शेवटी एकच विचारलं. ‘रात्री दोन वाजता तुमच्या छतातून पाणी गळायला लागलं, तर पहिली गोष्ट काय कराल?’

निखिल म्हणाला, सुपरला फोन करीन. सुपर म्हणजे इमारतीतच राहून तिची देखभाल करणारा माणूस. केतकी म्हणाली, ‘बादली ठेवीन आणि वर जाऊन दार वाजवीन. वरच्या माणसाला काही झालं असलं तर?’

बाईने वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्याने होकार आला.

सप्टेंबरात निखिलचे वडील आले. अण्णांची उभी हयात नगरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट. सर्टिफिकेट अजून फ्रेममध्ये आहे. विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी 1950च्या सुमारास प्रवरेकाठी जे सुरू केलं, त्याच मुशीतला त्यांचा कारखाना. अण्णांच्या वडिलांचा त्यात ऊस जायचा आणि त्यांच्या नावावर शेअर होता. त्यामुळे को-ऑप म्हणजे काय हे अण्णांना वकिलापेक्षा लवकर कळलं.

‘म्हणजे तू सभासद झालास,’ ते म्हणाले. ‘दिवाळीला सवलतीत काय देतात?’

‘काही नाही देत, अण्णा. उलट दर महिन्याला आपणच मेंटेनन्स भरायचा.’

‘आणि मत? एका सभासदाला एकच ना?’

‘नाही. जितके शेअर तितकी मतं.’

‘मग हे कसलं सहकारी!’ अण्णा म्हणाले आणि विषय संपवला.

न्यूयॉर्कमध्ये 1 ऑक्टोबरला हीटिंगचा हंगाम सुरू होतो आणि मेअखेर संपतो. बाहेरचं तापमान दिवसा 55 फॅरनहाइटच्या खाली गेलं की घरात निदान 68 ठेवणं घरमालकावर कायद्याने बंधनकारक. हे ऐकल्यावर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, अग्निप्रदीपन कधी आहे? आपल्याकडे गळीत हंगामाआधी बॉयलर पेटवायचा समारंभ असतो, पूजा, चेअरमन, नारळ. इथे तळघरातला बॉयलर एका गारठलेल्या मंगळवारी कोणालाही न सांगता पेटला आणि रात्री साडेअकराला तिसऱ्या मजल्यावरच्या नव्याकोऱ्या स्वयंपाकघरात कोणीतरी आतून हातोडा मारायला सुरुवात केली.

ठण्. ठण् ठण्. मग थोडा दम घेऊन पुन्हा.

निखिल म्हणाला, जुन्या इमारतींत असं होतं. एजंट याला प्री-वॉर चार्म म्हणाला होता. अर्थात घर त्याने जूनमध्ये दाखवलं होतं.

अण्णा उठून बसले. ‘चार्म बिर्म काही नाही. वॉटर हॅमर आहे हा. पाइपात कुठंतरी पाणी साठलंय आणि मागून वाफ येऊन त्याला ढकलतीय.’

दुसऱ्या दिवशी ते सुपरबरोबर तळघरात गेले. सुपर मॉन्टेनिग्रोचा, इंग्रजी बेताचं. अण्णांचंही बेताचंच. निखिल दुभाषी म्हणून गेला, पण दहा मिनिटांत त्याला काही काम उरलं नाही. दोघं गेजकडे बोट करत होते, पाइपावर टकटक करत होते, हातवारे करत होते आणि मधूनच एकमेकांकडे बघून हसत होते. बत्तीस किलोच्या प्रेशरवर आयुष्य काढलेल्या माणसाला गेजवरचे पाच पौंड बघून काय वाटलं असेल ते सोडा. पण या असल्या बॉयलरला पाचसुद्धा फार, इतकं त्यांनी लगेच ओळखलं. दीड-दोन पुरतात. सुपरने कबूल केलं की आपणच प्रेशर वाढवलं. वरच्या मजल्यांवर ऊब पोहोचत नाही अशी तक्रार चार-पाच हिवाळे चालू आहे. बॉयलरचं वय झालंय, नवा घ्यावा लागेल, असा बोर्डाचा समज आहे.

‘सगळ्या इमारतीत?’ अण्णांनी विचारलं.

नाही. फक्त सी लाइनमध्ये. एकावर एक असलेल्या घरांची एक लाइन धरतात. 3सी, 4सी, 5सी, 6सी. दुसरा मजला उबदार. तिसऱ्यावरच्याने कधी तक्रार केली नाही आणि कधी कोणाला आतही घेतलं नाही. चौथ्यापासून वर गार.

अण्णांनी निखिलकडे पाहिलं. निखिलने गेजकडे पाहिलं.

या इमारतींमधली वाफेची रचना साधी आहे. प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप. त्यातूनच वाफ वर जाते, रेडिएटरमध्ये ऊब टाकून तिचं पाणी होतं आणि ते पाणी त्याच पाइपातून, वर येणाऱ्या वाफेच्या बाजूने, खाली तळघरात परत येतं. पंप नाही, मोटर नाही. शंभर वर्षं हे चालतं ते फक्त उतारावर. पाइप उभा हवा, आणि जिथे आडवा असेल तिथे त्याला पाण्याच्या वाटेकडे उतार हवा.

घरी येऊन अण्णांनी एक लांब स्क्रू ड्रायव्हर मागितला. त्याचं टोक भिंतीला आणि मूठ कानाला लावून ते ओट्याभोवती फिरले. मग स्टुलावर चढले. मग खाली वाकून ओट्याखालची फळी ठोकून पाहिली. शेवटी त्यांनी पेन्सिलीने टाइलवर एक खूण केली, फॉल्स सीलिंगवर एक आणि जमिनीशी एक.

‘इथं भिंत होती ना? त्या भिंतीतून पाइप सरळ वर जात होता. भिंत काढली, मग पाइप मधोमध उभा राहिला. कसा दिसेल? म्हणून खाली आडवा वळवला, टाइलच्या मागून वर नेला, सीलिंगमध्ये पुन्हा आडवा आणून जुन्या भोकात घातला. चार एल्बो.’ त्यांनी चार बोटं दाखवली. ‘उतार विसरला. किंवा जागा नव्हती.’

केतकी त्या संध्याकाळी अण्णांबरोबर पाचव्या मजल्यावर गेली. मुलाखतीतली बाई घरात ओव्हरकोट घालून बसली होती. रेडिएटरच्या पहिल्या दोन कड्या कोमट, बाकी गार. स्वयंपाकघरात गॅसचा ओव्हन चालू होता आणि त्याचं दार उघडं. अण्णांनी तो पाहिला आणि काही न बोलता खिडकी चारेक बोटं वर सरकवली.

बाईने चहा केला. गप्पांत केतकीने विचारलं, मुलाखतीत तुम्ही तो गळतीचाच प्रश्न का विचारलात?

‘माझे आईवडील इथे घर घ्यायला आले होते,’ बाई म्हणाली. ‘त्यांना विचारलं, कोणत्या चर्चमध्ये जाता. त्यांनी खरं उत्तर दिलं.’ ती थोडं हसली. ‘विचारणारे सगळे गेले. त्यांच्या सभांच्या वह्या आता माझ्या कपाटात आहेत. त्या फेकून देता येत नाहीत. मग मी म्हटलं, निदान प्रश्न तरी बदलावा.’

त्या रात्री तिसऱ्या मजल्यावर हातोडा पडत असताना बोलणं झालं. निखिलचं म्हणणं चुकीचं होतं असं मला म्हणता येत नाही. हे आपण केलेलं नाही. आपण तयार घर घेतलं, जसं आहे तसं, असं लिहून देऊन घेतलं. विकणारा दुसऱ्या राज्यात गेला. बोर्डाने नकाशा मंजूर केला, त्यांच्या इंजिनिअरने पाहिला, मग चूक त्यांची. भाडेपट्ट्यात शेवटी असं आहे की घरात आधी झालेल्या फेरफारांची जबाबदारी नव्या भागधारकावर येते. म्हणजे भिंत फोडली तर टाइल्सचा, ओट्याचा, सीलिंगचा खर्च आपल्या बोकांडी. आणि पाइप सरळ केला तर तो उभा राहणार कुठे? बरोबर फोटोच्या मधोमध.

‘मी खोटं बोला म्हणत नाही,’ तो म्हणाला. ‘गप्प राहू. ते प्लंबर आणतील, चौथ्यापासून शोधत येतील, तेव्हा बघू.’

‘चौथ्यापासून म्हणजे आधी त्यांच्या भिंती फोडणार,’ केतकी म्हणाली.

‘त्यांचा खर्च कंपनी देते.’

‘कंपनी म्हणजे कोण?’

अण्णा कोपऱ्यातल्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते तसेच बोलले. ‘आमच्याकडं शिफ्ट बदलताना रजिस्टर असतं. मागच्या पाळीच्या गड्यानं काय ठेवलंय, पाण्याची लेव्हल किती, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, ते बघायचं आणि सही करायची. एकदा सही केली की चार्ज आपला. एक जण होता, तो सही लवकर करायचा आणि बघायचा नंतर.’

‘मग?’ निखिलने विचारलं.

‘मग काय. ज्या दिवशी ट्यूब फुटली, त्या दिवशी मागच्या पाळीचा घरी झोपला होता.’

निखिल पुढे काही बोलला नाही. तो पटला म्हणून गप्प बसला की थकला म्हणून, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. केतकीने मात्र सकाळी आठ वाजता सुपरला आणि बोर्डाला एकाच वेळी ईमेल लिहिला. सी लाइनमधला दोष आमच्या स्वयंपाकघरात आहे असं दिसतं; आमची भिंत आधी उघडा. सोबत पेन्सिलीच्या खुणांचा फोटो.

पुढच्या आठवड्यात टाइल्स फुटल्या. त्या हातघडणीच्या असल्याने एकही धड निघाली नाही. आतला प्रकार अण्णा म्हणाले तसाच निघाला, एक सोडून: सीलिंगमधला आडवा तुकडा नुसता सपाट नव्हता, उलट्या बाजूला झुकलेला होता. प्लंबरने तो कापल्यावर गंजलेलं पाणी बादलीभर आलं. अण्णा बघत उभे होते. त्यांनी प्लंबरकडून कापलेला एक एल्बो मागून घेतला आणि पुसून खिडकीत ठेवला. निखिलला तो तिथे अजिबात आवडला नाही.

बोर्डाची सभा झाली. पाइपाचं काम कंपनीने करायचं, भिंत आणि टाइल्स निखिल-केतकीच्या खर्चाने, असा ठराव झाला. म्हणजे चांगुलपणाला सूट मिळाली नाही. एका सभासदाने तर विचारलं की मूळ अनामत रकमेतून काही कापता आलं असतं का, आणि ती केव्हाच परत केली गेल्याचं कळल्यावर तो खजिनदारावर चिडला. मात्र नव्या बॉयलरसाठी सगळ्या भागधारकांवर जी जादा वर्गणी बसणार होती, ती टळली. आणि एक नियम वाढला. यापुढे कोणी आत काम काढलं तर भिंत बुजवण्याआधी सुपरने उघड्या पाइपांचे फोटो घ्यायचे आणि ते घराच्या फाइलमध्ये ठेवायचे. पाचव्या मजल्यावरच्या बाईने हा नियम मांडला तेव्हा तिने मंजूर नकाशावरची स्वतःची सहीही सर्वांना दाखवली. आम्ही रस्त्याकडच्या खिडकीवर पाऊण तास चर्चा केली होती, असं ती म्हणाली, आणि पाइपांचा नकाशा कोणी मागितलासुद्धा नाही.

आता निखिल-केतकीच्या घरात शिरलं की ओट्याच्या कोपऱ्यात जमिनीपासून छतापर्यंत जाणारा जाड लोखंडी पाइप आधी दिसतो. प्लंबर त्याला लाकडी खोक्यात झाकून देणार होता. केतकीने नको म्हटलं, चंदेरी रंग लावून घेतला. भाजू नये म्हणून हाताच्या उंचीपर्यंत गुंडाळी आहे. जुन्या टाइल्स मिळाल्या नाहीत, त्या जागी साध्या पांढऱ्या लावल्या आणि जोड ओळखू येतो. घर पुन्हा विकायचं झालं तर किंमत किती उतरेल याचा हिशेब निखिलने केलेला आहे. तो त्याने मला सांगितला आणि केतकीला सांगू नका म्हणाला.

आवाज पहिल्याच रात्री थांबला. सुपरने प्रेशर दीडवर आणलं.

जानेवारीत पाचव्या मजल्यावरची बाई खाली आली, हातात कोट आणि अंगात बिनबाह्यांचा ब्लाउज. तिची तक्रार होती. घरात इतकं उकडतं की बर्फ पडत असताना दोन्ही खिडक्या उघड्या ठेवून झोपावं लागतं. सुपर हसला. 1918च्या फ्लूच्या साथीनंतर खिडक्या उघड्या ठेवून झोपा असा आरोग्यखात्यांचा आग्रह असे, आणि त्या काळातले हे बॉयलर उघड्या खिडक्या धरूनच मोठे घेतलेले आहेत, असं तो तिला समजावू लागला. बाईला ते ऐकायचं नव्हतं. तिला अण्णा हवे होते. अण्णांनी तिच्याकडून रेडिएटरची उंची आणि कड्या विचारून घेतल्या, सदतिसाव्या अव्हेन्यूवरच्या हार्डवेअरच्या दुकानातून बारीक भोकाचा एअर व्हेंट आणला, आणि तो बदलायला जाताना केतकीला बजावलं, ‘परत जायच्या आत तिचा ओव्हनही एकदा बघून घ्यायचाय. सुपरला विचार, कधी वेळ आहे त्याला.’